मदत हवी आहे : हरणाची पहिली शिकार, विस्कॉन्सिनात. तयारी मात्र दापोलीत बसून

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकतो, म्हणजे निम्म्या लोकांचा राग वाचेल. शिकार इथे करायची नाहीये. माझा थोरला भाऊ गेली पंचवीस वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात आहे. दर नोव्हेंबरात तो आठवडाभर गायब होतो आणि मग घरी फोटो येतो: बर्फ, नारिंगी जाकीट, पायाशी हरण. आई होती तोवर ती फोटो बघून म्हणायची, "ह्याला आपण शिकायला धाडलं होतं ना?" यंदा मला पर्यटक व्हिसा मिळालाय. दादा म्हणतो, येतोच आहेस तर नोव्हेंबरात ये आणि माझ्याबरोबर रानात बस.

मी दापोली तालुक्यात आंबा-नारळ करतो. बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. आजोबांकडे पीक राखायला ठासणीची होती, परवान्याची. कुठल्याशा निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केली ती परत आणायला कोणी गेलंच नाही. तिच्या दोन खुंट्या माजघरात अजून आहेत, त्यांवर आता छत्र्या असतात. शिकार म्हटली की मला ऐकलेला हाकाच आठवतो. डबे बडवत माणसं खालून येणार आणि वर एकजण दबा धरून. दादा म्हणतो, तसलं काही नाही, अंधारात झाडावर चढायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं. गळ घेऊन मासे गरवायला गेलो की भरतीपासून ओहोटीपर्यंत खडकावरून उठत नाही. पण ते आपल्या हवेत.

विचारायचं ते असं. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे बंदूक हातात धरता येते का? थंडीचं काय करायचं? (इथे पारा पंधरावर आला की आम्ही शेकोटी पेटवतो.) निघायला पाच आठवडे आहेत, तोवर इथे बसून कसला सराव करू?

आणि एक प्रश्न दादाला विचारायची लाज वाटते. मे महिन्यात पहाटे पंप चालू करायला बागेत गेलो, तर रातांब्याखाली भेकर उभं. दहा पावलांवर. पडलेले रातांबे खात होतं. बॅटरीचा उजेड अंगावर पडला तरी चावणं थांबलं नाही, फक्त एक कान माझ्याकडे वळला. हनुवटीवरून लाल रस गळत होता. मग एकदम भुंकलं आणि कुंपणापल्याड. हातात बंदूक असती तर चालवली असती का, मला सांगता येत नाही. ऐन वेळी हात थरथरला तर काय करतात?

मालवणी खाजा

मेल्या, हयसर भेकराक नुसतो हात लावलस तरी वनखात्याची गाडी दारात येतली, आणि तू विमानाचा तिकीट काढून हरणा मारूक चललंस!

मस्करी सोडा. जाऊन या, पण परत आल्यावर 'शिकून आलोय' म्हणून इथल्या रानात फिरू नका. भेकर, सांबर, पिसोरी, सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि तिथले फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकू नका. फोटो पुढे जातो तेव्हा 'विस्कॉन्सिन' हा शब्द मागे राहतो.

थंडीतला मराठी

विस्कॉन्सिनातच असतो, पंधरा सीझन झाले. सवडीने लिहितोय, लांबेल.

आधी कायदा, कारण तिथे चूक झाली तर हरीण राहील बाजूला. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. त्यामुळे परवाना हातात येईपर्यंत दादाच्या बंदुकीला हात लावू नका. घरामागे दोन बार काढून बघ म्हणाला तरी नाही. आधी परवाना, मग सराव, मग रान. उलटं करू नका.

दुसरं, विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तो केला नसेल तर एक वाट आहे, मेंटॉरबरोबर, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकार. त्यासाठी वेगळा परवाना मिळतो. पण मेंटॉर तुमच्यापासून हात पोचेल एवढ्याच अंतरावर हवा. दादा पलीकडच्या झाडावर आणि तुम्ही इकडे, हे चालत नाही.

बंदुकीचा सीझन नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (तिथला सण, नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो. गोळी झाडायची वेळ ठरलेली आहे: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत. कंबरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत, टोपी घातली तर तीही. हे हरणासाठी नाही, दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये म्हणून. हरणाला नारिंगी धड दिसत नाही. त्याला निळं मात्र आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि अतिनील प्रकाशही थोडा दिसतो. म्हणून रानात घालायचे कपडे नीळ-टिनोपालात बुडवून आणू नका. आपल्याला जे पांढरंशुभ्र वाटतं ते पहाटेच्या उजेडात हरणाला चमकताना दिसतं. माझ्या पहिल्या वर्षी आईने प्रेमाने धुऊन पाठवलेला सदरा मी जाकिटाच्या आत घातला होता, कॉलर बाहेर. मेंटॉरने बघितलं आणि काही न बोलता कॉलरवर चिकटपट्टी मारली.

वास त्याहून महत्त्वाचा. खोबरेल तेल, उदबत्ती, फोडणी, हे सगळं तुमच्या अंगाला येतं आणि तुम्हाला कळत नाही. वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर त्या दिवशी ते झाड सोडा. मतलई कधी सुटते आणि वारा कधी फिरतो हे खाडीकाठच्या माणसाला मी काय सांगणार. तिथेही तसंच आहे. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते.

थंडी: तापमान शून्याखाली गेलेलं असणार हे धरून चला. सुती बनियन घालू नका. झाडापर्यंत चालत जाताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि बसल्यावर अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक. जाड जाकीट चालताना घालायचं नाही, पाठीवर न्यायचं, बसल्यावर चढवायचं. बूट थोडे सैल हवेत. मोज्यांवर मोजे घालून बूट घट्ट झाला तर पाय उलट जास्त गारठतो.

करवंदी

काहीसा विरोधी सूर लावते. 'पहिली शिकार' हे वाचायलाच मला कसंतरी होतं. पन्नाशीला येऊन ही हौस कशाला? फणसाडला बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर रात्र काढून बघा. त्या रानात एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांची शिकार चालायची, १९८६पासून ते अभयारण्य आहे. सांबर पाणी प्यायला येतं तेव्हा श्वास रोखून बसण्यात जी मजा आहे ती मारण्यात नाही. निदान माझ्यासाठी.

थंडीतला मराठी

करवंदीताई, फणसाडच्या मचाणावर मीही बसलोय, तुमचं म्हणणं पटतं. पण तिथलं गणित वेगळं आहे. आपल्याकडे हरीण शोधायला अभयारण्यात जावं लागतं, तिथे ते माझ्या गाडीखाली येतं. पांढऱ्या शेपटीची हरणं शेतांत, बागांत, हायवेवर. लांडगे मुख्यतः उत्तरेच्या आणि मधल्या भागातल्या रानांत, तेही थोडे. दरवर्षी किती मारू द्यायची हे राज्याचं खातं भाग बघून ठरवतं. शिवाय १९३७च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, त्यातून रानं विकत घेतली जातात. हौस तरीही हौसच, ते नाकारत नाही.

खाडीकाठचा

सगळ्यांचे आभार. करवंदीताई, हौस आहे की आणखी काही, ते मलाही उलगडत नाहीये. दादाबरोबर सलग आठ दिवस मी शाळेनंतर काढलेले नाहीत, हेही एक कारण असेल.

माझा जन्म मे १९७३चा. पाच महिन्यांनी हुकलो! म्हणजे मेंटॉरचीच वाट.

थरथरण्याचं कोणी बोललं नाही.

थंडीतला मराठी

मुद्दाम ठेवलं होतं. त्याला तिकडे 'बक फीवर' म्हणतात, म्हणजे ते एवढं नेहमीचं आहे की त्याला नाव आहे. पहिल्यांदा हरीण समोर आलं तेव्हा माझ्या कानात इतकं धडधडायला लागलं की ते हरणालाही ऐकू जाईल असं वाटलं. त्या दिवशी मी गोळी झाडली नाही. मेंटॉरने फक्त थर्मासमधला चहा ओतून दिला.

उपाय इथेच करता येतो. दापोलीत बंदूक नको, काठी चालेल. खुर्चीवर बसा, काठी कठड्यावर टेकवा, वाटेने जाणाऱ्या गाई-कुत्र्यांवर रोखा (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा). जनावर आडवं उभं आहे का? पुढच्या पायाच्या मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर जागा दिसते का? पलीकडे घर, रस्ता, माणूस नाही याची खात्री आहे का? ह्या तिन्हीतल्या एकाचंही उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' असेल तर काठी खाली. पाच आठवडे हे केलंत तर तिथे मेंदूला नवं काही करावं लागणार नाही. ती जागा म्हणजे हृदय आणि फुप्फुसं. डोक्यावर, मानेवर नेम धरू नका. समोरून येणाऱ्या किंवा पळणाऱ्या हरणावरही नाही. बोट चापाच्या कडीच्या बाहेर, नेम पक्का होईपर्यंत. बंदूक रिकामी आहे असं दादा म्हणाला तरी ती भरलेलीच समजायची.

दादाला म्हणावं, .२४३ची (लहान गोळीची) रायफल दे. खांद्याला धक्का कमी बसतो. नवशिक्या मोठी बंदूक घेऊन तीन बार काढतो आणि चौथ्याला डोळे मिटतो. रेंजवर शंभर यार्डांवर पाच गोळ्या वितभर वर्तुळात बसत नसतील तर रानात पन्नासच्या पुढे झाडू नका.

आणि माडावर चढता म्हणून झाडावरच्या बैठकीला हसू नका. तिथे गोळीपेक्षा झाडावरून पडून जास्त लोक जखमी होतात. पट्टा जमिनीवर असतानाच बांधायचा, उतरून पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही. बंदूक रिकामी करून दोरीने मागाहून वर ओढायची.

रानातली वाट

लागल्यावर काय करायचं तेही सांगा हो. खरी शिकार तिथेच सुरू होते असं आमचे आजोबा म्हणायचे.

थंडीतला मराठी

बरोबर म्हणायचे. हृदयात गोळी लागलेलं हरीणही शंभर यार्ड पळू शकतं. मागे धावायचं नाही. ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं त्या दोन खुणा मनात पक्क्या करायच्या आणि अर्धा तास घड्याळ लावून बसायचं. मग रक्त बघायचं. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस, जवळच सापडेल. गडद असलं तर यकृत, आणखी थांबा. हिरवट आणि वास येणारं म्हणजे पोटात लागली, मग कित्येक तास थांबावं लागतं. मी एकदा घाई केली. हरीण उठलं, नाल्यापलीकडे गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. त्याबद्दल एवढंच.

सापडल्यावर जागेवरच पोट साफ करायचं, म्हणजे मांस लवकर निवतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी. नर म्हणजे किमान तीन इंच शिंग. मादीसाठी वेगळी परवानगी, ती कुठल्या जागेसाठी आहे हे दादाकडून तपासून घ्या.

खाण्याआधी एक गोष्ट. तिथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोग आहे, विस्कॉन्सिनात २००२ साली पहिल्यांदा आढळला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण जिथे रोग आहे तिथलं हरीण तपासून घ्यावं आणि दोष निघाला तर खाऊ नये असा सल्ला आहे. तपासणी फुकट होते. हा जंतू नाही, बिघडलेलं प्रथिन आहे. कुकरच्या शिट्ट्यांनी ते जात नाही. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. तो चांगला आला की मात्र चरबी सगळी काढून टाका (तिचा वास आणि चव दोन्ही वाईट) आणि मालवणी मसाल्यात शिजवा, मटणापेक्षा कमी तेलात.

शेवटचं, आणि हे विसरू नका: परतीची बॅग भरताना जाकिटाचा प्रत्येक खिसा उलटा करा. एक जिवंत काडतूस जरी आपल्याकडच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होते. रानात घालायचे कपडे आणि सॅक दादाकडेच ठेवून या.

खाडीकाठचा

काल दादाशी तासभर बोललो. थरथरण्याचंही विचारलं. हसेल असं वाटलं होतं. तर म्हणाला, पहिली दोन वर्षं त्याने काहीच मारलं नाही, नऊ दिवस बसून रिकामा घरी यायचा. फोटो पाठवायचा नाही म्हणून आम्हाला कळलं नाही. एकाच बैठकीत दोघे बसू म्हणाला, बाक करून घेतलाय.

काठीचा सराव ओटीवरून सुरू आहे. बायकोने विचारलं काय करताय, तर म्हटलं वानर हाकतोय.

आता एवढंच सांगा: लोकरीचे मोजे चिपळुणात कुठे मिळतील का?

मालवणी खाजा

कोकणात लोकरीचे मोजे? पुण्याहून मागवा. आणि येताना आमच्यासाठी ती नारिंगी टोपी आणा, आंब्याच्या सीझनात झाडावर माणूस आहे हे खालून दिसत नाही.