मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरातला प्रीपेड मीटर नेमके कशाकशाचे पैसे कापतो?

केतकीवन

लेस्टरमध्ये भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो आहोत. विजेला किल्लीचा मीटर आणि गॅसला कार्डाचा, दोन्ही प्रीपेड. कोपऱ्यावरच्या दुकानात पेपॉइंटवर पैसे भरायचे, घरी येऊन किल्ली मीटरमध्ये सरकवायची, की शिल्लक दिसते. इथपर्यंत कळलं. पण भरलेले पैसे आणि वापरलेली युनिटं यांचा मेळ काही केल्या बसत नाही. घरात दीड वर्षांचं बाळ आहे, पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत. ऐन थंडीत हीटिंग बंद पडलं तर काय, याची फार धास्ती वाटते.

विजेचा हिशोब असा. रविवारी सकाळी शिल्लक १.१० पौंड होती, त्यात २० भरले, झाले २१.१०. पुढच्या रविवारी सकाळी मीटर दाखवत होता ३.४४. म्हणजे आठवड्यात १७.६६ पौंड गेले. दोन्ही वेळी रीडिंगचा फोटो काढला होता, वापर ३८ युनिट. मीटरवर दर दिसतो २६ पेन्स, त्याचे झाले ९.८८. स्टँडिंग चार्ज रोज ५४ पेन्स, सात दिवसांचे ३.७८. बेरीज १३.६६. मग वरचे चार पौंड कुठे गेले? तेही अगदी पूर्ण चार, एक पेनी कमी नाही की जास्त नाही.

गॅसचं तर आणखीच विचित्र. एका शुक्रवारी शिल्लक संपली म्हणून कार्ड घालून इमर्जन्सी क्रेडिट (शिल्लक संपल्यावर मीटर देतो ती उधारी) सुरू केलं, पाच पौंडांचं. तेही रात्रीतच संपलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आठवडाभरासाठी नात्यातल्यांकडे गेलो, घर बंद. परत आल्यावर २० पौंड भरले तर शिल्लक दिसली १२.६२. इमर्जन्सीचे पाच वळते झाले हे समजलं. पण वरचे २.३८ कशाचे? घरात कुणीच नव्हतं, बॉयलर बंद होता, शेगडी पेटली नव्हती!

घरमालकाच्या एजंटला विचारलं तर म्हणाला, हे मीटर असेच असतात. मला हे उत्तर पटत नाही. पैसे आमचे आहेत, तर ते कशापोटी जातात हे कळायला हवं. कुणी नीट समजावून सांगेल का?

तिसरा_मजला

आधी गॅसचं, कारण ते सोपं आहे. तुमचा गॅसचा स्टँडिंग चार्ज रोज ३४ पेन्स असावा. सात दिवसांचे बरोबर २.३८ होतात. महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतो ना, तसाच हा. फक्त तो महिन्याला लागतो आणि हा रोज. घर बंद असो, बॉयलर बंद असो, हा चढतच राहतो. शिल्लक शून्य असेल तर मीटर तो उधारीवर लिहून ठेवतो आणि पुढच्या टॉप-अपमधून एकदम वसूल करतो. उन्हाळ्यात हीटिंग लागत नाही म्हणून लोक चार-पाच महिने गॅस कार्डाला हात लावत नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये पहिले वीस पौंड भरले की त्यातले बरेचसे डोळ्यांदेखत गायब होतात. म्हणून उन्हाळ्यातही थोडे थोडे भरत राहा.

विजेच्या चार पौंडांबद्दल मला दाट शंका आहे, पण आधी एक करा. मीटरवरचं निळं बटण दाबत एकेक स्क्रीन बघत जा. बऱ्याच किल्लीवाल्या मीटरवर एस अक्षरासमोर एकूण थकबाकी असते आणि टी समोर आठवड्याचा हप्ता. मीटरच्या बनावटीप्रमाणे अक्षरं बदलू शकतात. काय दिसतं ते इथे लिहा.

केतकीवन

आत्ता बघितलं. एस समोर ७१.५०, टी समोर ४.००! पण आमची थकबाकी कशी असेल? आम्ही तर आत्ताच आलो. पहिल्या दिवशी एजंटने जी किल्ली हातात दिली तीच वापरतोय.

तिसरा_मजला

तेच म्हणायचं होतं. ही आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे आणि तुम्ही ती दर आठवड्याला चार पौंडांनी फेडताय. ती तुमच्यावर लागत नाही. भाडेकरार सुरू झाल्याच्या तारखेपासूनचीच वीज तुमची.

आजच वीज कंपनीला फोन करा. आम्ही अमुक तारखेला राहायला आलो, त्या दिवशीचं रीडिंग हे, भाडेकराराची प्रत पाठवतो, असं सांगा. नवीन किल्ली मागा, मीटरवरची थकबाकी शून्य करून मागा आणि आतापर्यंत कापलेले हप्तेही परत मागा. गॅसच्या कंपनीलाही हेच सांगा, कारण कार्डही बहुधा जुन्याच नावावर असणार. दोन्हींची कंपनी वेगळी असू शकते. विजेची कोणती ते कळत नसेल तर तुमच्या भागातल्या वितरण कंपनीला विचारता येतं. लेस्टर ईस्ट मिडलँड्समध्ये येतं, तिथे ती नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्यूशन आहे. पत्ता सांगितला की पुरवठादाराचं नाव सांगतात.

फोननंतर तीच तक्रार ईमेलनेही पाठवा. लेखी नोंद फार महत्त्वाची. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे (वीज-गॅस कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र यंत्रणा) जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. मधल्या काळात सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करा, ते खरंच मदत करतात.

पाऊसवेडी

बाळाबद्दल वाचून लिहिते आहे. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर म्हणून जास्त मदतीची गरज असलेल्या घरांची एक यादी असते. घरात पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर त्यात नाव घालता येतं, फुकट. त्याच फोनमध्ये सांगून टाका, सासूबाई आल्यावर त्यांचंही कळवा.

दुसरं, बहुतेक प्रीपेड मीटर संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) शिल्लक संपली तरी पुरवठा तोडत नाहीत. नेमक्या वेळा कंपनीगणिक वेगळ्या असतात, विचारून कागदावर लिहून मीटरशेजारी चिकटवा. मात्र ती वीज फुकट नसते, नंतर वळती होते. शिवाय ती वेळ सुरू होताना शिल्लक किंवा इमर्जन्सी क्रेडिट चालू असावं लागतं, आधीच बंद पडलेला मीटर त्या वेळेत आपोआप सुरू होत नाही.

केतकीवन

दोघांचेही मनापासून आभार! आणखी एक. गॅसचा मीटर दहा युनिट पुढे गेला तर पावणेसात पौंड गेले. दर तर ६ पेन्स दाखवतो. हे कसं?

अनंतफंदी_नाही

तुमचा मीटर घनमीटर मोजतो आणि दर किलोवॉट-तासाचा आहे. मधलं गणित असं: घनमीटर गुणिले १.०२२६४, गुणिले गॅसचं उष्मांकमूल्य (साधारण ३९.५), भागिले ३.६. दहा घनमीटरचे झाले सुमारे ११२ किलोवॉट-तास. ६ पेन्सने ६.७३ पौंड. म्हणजे एक घनमीटर साधारण अकरा किलोवॉट-तासांचा धरायचा. जुना मीटर घनफुटात (शंभर घनफुटांचं एक युनिट) असेल तर आधी आकड्याला २.८३ ने गुणा. पाच टक्के व्हॅट मीटरवरच्या दरात धरलेला असतो, तो वेगळा लावू नका.

दर कुठून येतो हेही सांगतो. ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, दराची कमाल मर्यादा ठरवते. ही मर्यादा युनिटच्या दराला आणि स्टँडिंग चार्जला असते, एकूण खर्चाला नाही. जास्त वापरलंत तर जास्तच जाणार. पूर्वी प्रीपेडवाल्यांना स्टँडिंग चार्ज जास्त पडायचा, एप्रिल २०२४ पासून तो डायरेक्ट डेबिटवाल्यांच्या (ज्यांचं बिल बँक खात्यातून आपोआप जातं त्यांच्या) बरोबरीला आणला आहे. तेव्हा प्रीपेड म्हणून कुणी जास्त लावत असेल तर कारण विचारा. जुन्या किल्लीच्या मीटरला नवा दर दुकानात टॉप-अप केल्यावर किल्लीतूनच मिळतो. दर बदलल्याच्या सुमारास थोडे का होईना पैसे भरा, नाहीतर जुन्या आणि नव्या दरातला फरक नंतर अंगावर येतो.

आणि मुळात प्रीपेड नकोच असेल तर साधा मीटर मागता येतो. वीज-गॅसचे पैसे भरायची जबाबदारी तुमची आहे, त्यामुळे हा निर्णय तुमचा. घरमालकाला कळवायचं मात्र, घर सोडताना पूर्वीसारखं करून द्या असं तो म्हणू शकतो. दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात थकबाकीपोटी जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवायला आता बंदी आहे. तुमच्याकडे तो आधीपासूनच आहे, म्हणून हा नियम थेट लागू होत नाही, पण बाळाचं वय जरूर सांगा.

केतकीवन

फोन झाला. भाडेकराराची प्रत आणि पहिल्या दिवसाच्या रीडिंगचा फोटो पाठवला. वीज कंपनी नवीन किल्ली पाठवते आहे, कापलेले हप्ते त्या किल्लीवरच जमा करणार. रजिस्टरमध्ये नावही नोंदवलं. गॅसवाल्यांनी मात्र आधी एजंटचं पत्र मागितलं आहे आणि एजंट टाळाटाळ करतोय. नुसत्या भाडेकरारावर गॅसचं कार्ड कुणी बदलून घेतलं आहे का? आणखी कोणता कागद चालला?

पाऊसवेडी

आम्हाला काउन्सिल टॅक्सचं (स्थानिक पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराचं) पत्र चाललं होतं. त्यावर नाव, पत्ता आणि राहायला आल्याची तारीख, तिन्ही असतात. तुमचं आलं असेल तर तेच पाठवून बघा.