शब्दचर्चा : ‘आत्म्याने दीन’ की ‘आध्यात्मिक गरज ओळखणारे’?

पानगळ :
तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची टिपणं इंग्रजीतून मराठीत आणतेय. पहिल्या ‘धन्य’ वचनाचं सार मूळ लेखकाने ‘आपली आध्यात्मिक गरज ओळखणं’ असं दिलंय. मी तेच ठेवलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘आत्म्याने दीन असणे’ केलं, कारण बायबलमध्ये (मत्तय ५:३) ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ असं आहे. वर्गातल्या एका मुलीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “दीन म्हणजे दीनवाणा ना? देवाला तोंड पाडून बसलेली माणसं आवडतात का?” काय ठेवू?

कोशकीटक :
‘दीन’ एकटा आता फारसा फिरत नाही, जोडीनेच भेटतो : दीनदुबळा, दीनवाणा, दीनानाथ. पहिल्या दोघांकडे आपण वरून बघतो. ‘दीनानाथ’ म्हणणारा मात्र स्वतःलाच दीनांत मोजून वर बघत असतो. वचनाला हा दुसरा अर्थ हवा आहे, आणि तुमच्या वर्गातल्या मुलीच्या कानावर फक्त पहिला पडलाय. धातू संस्कृत ‘दी’, क्षय पावणे.

रोखठोक :
माझे एक शिक्षक ‘दीन’ अरबी ‘दीन’वरून, म्हणजे धर्मावरून आला असं ठासून सांगत. धर्माला लागलेला तो दीन!

कोशकीटक :
रोखठोकराव, नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. अरबी आहे ती ‘गरज’, फारसीमार्गे आलेली.

शुद्धमती :
तेच म्हणते मी! शास्त्रवचनाचा अर्थ सांगताना ‘गरज’ कशाला? ‘आवश्यकता’ म्हणा, ‘उणीव’ म्हणा.

तळटीप :
माझा आक्षेप ‘गरज’वर आहे, पण तिच्या कुळावर नाही. गरज भागते आणि संपते. आध्यात्मिक गरज म्हटलं की कानाला ‘आठवड्याला एक ध्यानवर्ग केला, भागली’ असं ऐकू येतं. येशू म्हणतो, निरोग्यांना वैद्याची गरज नाही, दुखणाइतांना आहे (लूक ५:३१). आणि आपली म्हण काय? गरज सरो, वैद्य मरो. या वचनातली गरज सरण्यातली नाहीच.

ग्रीकगाठ :
‘दीन’च्या जागी मूळ ग्रीक शब्द ‘प्टोखोस’. ग्रीकमध्ये गरिबाला दोन शब्द आहेत. ‘पेनेस’ म्हणजे हातावर पोट असलेला, राबून खाणारा. ‘प्टोखोस’ म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही, मागूनच जगणारा. अंग चोरून, दबून बसणं या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं लावतात. लूक १६ मध्ये श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर प्टोखोसच. म्हणजे सरळ भाषांतर ‘आत्म्याने भिकारी’. धर्मसुधारक मार्टिन लूथर १५४६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत ‘आपण भिकारी आहोत, हे खरं’ असं लिहिलेलं होतं.

शुद्धमती :
‘भिकारी ते धन्य’ छापून बघा, वर्ग रिकामा होईल.

तळटीप :
ताई, ‘दीन’ छापूनही होतोयच की.

अडकित्ता :
‘आत्म्याने’ या तृतीयेकडे कुणी बघितलं नाही. डोळ्याने अधू, कानाने बहिरा, तशी ही. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘येनाङ्गविकारः’ (२.३.२०), म्हणजे ज्या अंगात व्यंग त्याची तृतीया. मग आत्मा हे व्यंग असलेलं अंग झालं! शिवाय देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरं नाहीत (तिथे मोठा ‘S’ म्हणजे पवित्र आत्मा), त्यामुळे कुणी ‘पवित्र आत्म्याने दीन केलेले’ असंही वाचेल. एका प्रवचनात तसं ऐकलंय, आणि लोकांनी माना डोलावल्या.

कोशकीटक :
अर्थ चुकीचा, पण वाईट नाही.

ग्रीकगाठ :
लूक ६:२० मध्ये ‘आत्म्याने’ नाहीच, नुसते दीन. तिथे पोटाची भूकही आहे.

पानगळ :
सगळं छान, पण माझा प्रश्न ‘ओळखणं’ याचाही होता. मूळ वचनात ते क्रियापद आहे का?

ग्रीकगाठ :
नाही. काही आधुनिक इंग्रजी भाषांतरांनी ‘ज्यांना देवाची गरज कळते ते’ असं केलंय, ते उलगडून सांगणं झालं. त्याला आधार मात्र आहे. प्रकटीकरण ३:१७ मधली लावदिकीया शहरातली ख्रिस्ती मंडळी म्हणते, मी श्रीमंत, मला काही उणं नाही. प्रभू म्हणतो, तू दरिद्री आहेस (पुन्हा प्टोखोस), आंधळा आहेस, उघडा आहेस आणि हे तुला कळत नाही. शहरही तसंच : इ. स. ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. दीन तेही होते, पण धन्य नव्हते. फरक कळण्याचा.

तळटीप :
इथेच मला भीती वाटते. कळणं हीच कमाई ठरली की मग लूक १८ च्या दाखल्यातला धर्माभिमानी परुशी म्हणणार, ‘देवा, मी इतरांसारखा नाही, मला माझी गरज कळते, म्हणून तुझे आभार.’ त्याच दाखल्यातला जकातदार काहीही ओळखल्याचं सांगत नाही. दूर उभा राहतो, वर बघायलाही धजत नाही, छाती बडवतो आणि कुणी ‘दया माग’ असं न सांगताच दया मागतो. मी टिपणात ‘ओळखणारे’ काढून ‘देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहणारे’ लिहीन.

अडकित्ता :
लांबलचक आहे, पण मुलीला कळेल. फक्त ‘अर्पण न आणलेले’ असा अर्थ कुणी काढू नये!

रोखठोक :
शुद्धमतीताई, ‘गरज’ अरबी म्हणून नको, तर ‘जकातदार’ कसा चालला? जकातही अरबीच.

शुद्धमती :
तो रूढ झालाय.

रोखठोक :
आणि गरज रूढ नाही? बरं, करसंकलक करू?

शुद्धमती :
‘कर गोळा करणारा’ म्हणता येतं. साधं, सोपं, आपलं.

कोशकीटक :
मग येशूने बोलावलं तेव्हा मत्तय कुठे बसला होता? जकातनाक्यालाही काहीतरी सुचवा.

शुद्धमती :
सुचवते. जेवून येते.