तक्रार मागे का घेतली जाते?

घरातल्या हिंसाचाराबद्दल एकांनी लिहिलंय की बायकाच तक्रार मागे घेतात, तिथे प्रशासन तरी काय करणार. हे मला अजिबात पटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा सांगतो की अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवावी आणि ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तोवर तक्रार करणारी बाई बहुतेकदा त्याच घरात, छळ करणाऱ्या त्याच माणसासोबत राहत असते. मग माघार नाही घेणार तर काय करेल? तिच्यासाठी धावायचं ज्यांनी, ते या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी अनेक ठिकाणी दुसरा कार्यभार सांभाळून हे काम करतात. पूर्णवेळ माणसं नेमणं सरकारच्या हातात आहे, तिच्या नाही.

आणि आपण? याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारी, नातेवाईक, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तरी ‘त्यांच्या घरातलं भांडण’ म्हणत आपण दार लावून घेतो (मारहाणीचे आवाज ऐकू येत असतानाही!). कृपा करून हे कलम ओळखीच्यांना सांगा. १८१ ही महिला हेल्पलाइनही सांगून ठेवा.