मदत हवी आहे: आमचं नाव टाइप केलं की सर्च इंजिन पुढे ‘फ्रॉड’ सुचवतं

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. सासरे पूर्वी सगळा माल वाशीला पाठवायचे. आता बऱ्याचशा पेट्या थेट गिऱ्हाइकांकडे जातात, मुख्यतः मुंबई, पुणे, नाशिक. वेबसाइट, व्हॉट्सॅपवरच्या ऑर्डरी आणि ऑनलाइन जाहिराती हे सगळं मी बघते.

गेल्या हंगामात कुणीतरी आमच्या वेबसाइटवरचे फोटो उचलले आणि आमच्याशी मिळत्याजुळत्या नावाने सोशल मीडियावर खोटं पान काढलं. निम्म्या दरात डझन, पैसे आधी, आणि पेटी कुणालाच नाही. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी साहजिकच आमचं नाव लिहून पुढे ‘फ्रॉड’ टाकून शोधलं. तक्रारी केल्यावर ते पान बंद झालं. पण आता आमचं नाव रोमन लिपीत लिहायला घेतलं की खाली ज्या ओळी उलगडतात, त्यांत वरच ‘फ्रॉड’ आणि त्याखाली ‘फेक ऑर ओरिजिनल’ दिसतं. देवनागरीत लिहिलं तर यातलं काही येत नाही. पण आमची गिऱ्हाइकं मराठी असली तरी सर्चमध्ये बहुतेक जण रोमनमध्येच लिहितात.

सगळ्यात त्रास याचा होतो की त्या ओळीवर क्लिक केलं तर आमच्याविरुद्ध एकही पान निघत नाही. आमचीच वेबसाइट, नकाशावरचा पत्ता आणि दोन-चार जुन्या बातम्या येतात. म्हणजे आरोप कुणीच केलेला नाही. तरी ओळ वाचूनच माणूस मागे फिरतो. गावात कुणी नुसतं विचारलं, ‘त्यांच्याबद्दल काही ऐकलंत का हो?’ तरी ऐकणारा ते खरंच धरून बसतो, तसं झालंय. आणि ज्याच्या मनात शंकाही नव्हती तोसुद्धा कुतूहलाने त्या ओळीवर बोट ठेवतो, मग त्याचा तो सर्चही आधीच्यांत जमा होतो.

काही जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात. त्यांना समजावता येतं. जे विचारत नाहीत त्यांचं काय करायचं? आमच्या नावावर आम्ही जाहिरात लावतो, तिच्यावर क्लिक होतात, पैसे कापले जातात, पण ऑर्डरी पूर्वीच्या प्रमाणात येत नाहीत. आमचं नाव शोधणाऱ्यांना दुसरे विक्रेतेही आपली जाहिरात दाखवतात. बिचकलेला माणूस तिकडे वळतो, आणि तिथे देवगडच्या नावाने कर्नाटकचा आंबा मिळाला तरी त्याला कळत नाही.

जाणकारांनी सांगावं: ही ओळ काढून टाकता येते का? एका एजन्सीने सांगितलं की शेकडो फोनवरून आमच्या नावापुढे ‘ओरिजिनल देवगड हापूस’ असं सर्च करवून घेऊ, म्हणजे वाईट शब्द खाली ढकलला जाईल. घरच्यांना ते पटतंय, मला भीती वाटते. कायद्याचा काही आधार आहे का? आणि जे मार्केटिंगमधले नाहीत त्यांनीही लिहा. अशी ओळ दिसली की तुम्ही काय करता?

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर सगळे उत्सुकतेने शोधून बघतील आणि तेच वाढेल. गरज असेल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन. मोहोर आलाय, मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघतील. त्याआधी काहीतरी मार्ग हवा आहे.

– बागवाली

सर्चगल्ली:

ताई, नाव दिलं नाहीत हे उत्तम केलंत. मी पुण्यात याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या एजन्सीला स्पष्ट नाही म्हणा. हे कृत्रिम सर्च ओळखण्याची यंत्रणा मोठ्या सर्च इंजिनांकडे आहे. समजा नाही ओळखलं, तरी पैसे देणं थांबवलं की सर्चही थांबतात आणि खऱ्या माणसांनी विचारलेला ‘फ्रॉड’ पुन्हा वर येतो. शिवाय उद्या तुम्हाला नोटीस द्यायची वेळ आली तर तुमची बाजू स्वच्छ असायला हवी.

या ओळी कशा येतात ते गूगलने स्वतःच सांगितलं आहे: लोकांनी खरोखर केलेले सर्च, भाषा, ठिकाण, सध्या कशाची चर्चा आहे ते आणि तुमचे स्वतःचे जुने सर्च. म्हणून तुमच्या फोनवर दिसतं तेच गिऱ्हाइकाला दिसतं असं धरू नका. तुम्ही काळजीने रोज तपासत असाल तर तुमच्या खात्याला ते जास्तच ठळक दिसणार. इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, जिथे तुमचे जुने सर्च धरले जात नाहीत) बघा, आणि मुंबई-नाशिकच्या नातेवाइकांकडून स्क्रीनशॉट मागवा. नाव लिहून थांबायचं, ओळीवर क्लिक करायचं नाही, हे त्यांना बजावून सांगा.

वेबसाइट सर्च कन्सोलला (लोक काय शोधून तुमच्या वेबसाइटपर्यंत येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) जोडलेली आहे का? तिथे सोळा महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. ‘फ्रॉड’, ‘फेक’ असे शब्द असलेले सर्च तेवढे वेगळे काढा आणि त्यांचा आलेख बघा. खोटं पान चालू होतं त्या काळात उंचवटा आणि नंतर उतार दिसला, तर आग विझत आली आहे आणि ओळही कालांतराने जाण्याची शक्यता आहे. आलेख सपाट पण वरच राहिला असेल, तर आता ती ओळच नवे सर्च जन्माला घालते आहे. त्यानुसार उपाय बदलेल, म्हणून हे आधी करा.

कळवण्याची सोय आहे. कॉम्प्युटरवर सूचनांच्या खाली अयोग्य सूचना कळवण्याचा दुवा असतो, मोबाइलवर ती ओळ दाबून धरायची. पण आशा बेताची ठेवा. गूगलच्या धोरणात नाव घेतलेल्या व्यक्तीपुढे बदनामीकारक शब्द येऊ नयेत असं आहे. व्यवसायाच्या नावाला तेवढं कवच नाही. तुमचा ब्रँड एखाद्या माणसाच्या नावाने असेल तर ते जरूर लिहा. त्याशिवाय कायदेशीर कारणासाठी वेगळा फॉर्म आहे, त्याबद्दल इथले वकील सांगतील.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जो माणूस ‘फ्रॉड’वर क्लिक करतो त्याला पहिलं पान तुमचं दिसलं पाहिजे, आणि त्यात त्याच्या शंकेचं सरळ उत्तर पाहिजे. ‘आमच्या नावाने झालेली फसवणूक: खरी पेटी आणि खरा नंबर कसा ओळखाल’ असं पान करा. शीर्षकात ब्रँडचं नाव आणि तो नकोसा शब्द, दोन्ही असू द्या, रोमन आणि देवनागरी दोन्हींत. काय घडलं, तक्रार कधी दिली, पैसे कोणत्या खात्यात घेता, हे लिहा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तेही टाका. व्यावसायिकांना तो शब्द स्वतःच्या वेबसाइटवर लिहायला नको वाटतो, म्हणून ती जागा रिकामी राहते. तुमच्या बाबतीत ती आत्ता रिकामीच आहे, ही संधी आहे.

थोडं विषयांतर, पण याचा संबंध आहे. हे सूचनांचं प्रकरण गूगलने 2004 च्या डिसेंबरात प्रयोग म्हणून आणलं आणि 2008 मध्ये मुख्य पानावर सगळ्यांसाठी सुरू केलं. 8 सप्टेंबर 2010 ला ‘गूगल इन्स्टंट’ आलं, त्यात अक्षर टाइप होताहोताच खालचे निकालही बदलायचे. दर सर्चमागे दोन ते पाच सेकंद वाचतात असा कंपनीचा दावा होता. आमच्या धंद्यात तेव्हा खळबळ उडाली. माणूस टाइप करता करता तीन सेकंद थांबला तरी जाहिरात ‘दिसली’ अशी मोजली जायची, त्यामुळे इम्प्रेशनचे आकडे कशाशी ताडायचे हेच कळेना. लांबलचक, नेमके प्रश्न आता कुणी पूर्ण लिहिणारच नाही, अशी भीती होती. मोबाइलवरचा वापर वाढल्यावर 2017 मध्ये इन्स्टंट बंद केलं, पण सूचना राहिल्या. 2018 मध्ये गूगलने लिहिलं होतं की सूचनांमुळे टायपिंग सुमारे 25 टक्के कमी होतं. मार्केटिंगवाल्याला यातून एवढंच कळायला हवं की आपलं नाव शोधणारा माणूस वेबसाइटवर येण्याआधी त्या ओळींवरून जातो. तिथे काय लिहिलंय हे दुकानाच्या पाटीइतक्याच काळजीने बघायला हवं. आपल्याकडचे बहुतेक व्यावसायिक ते बघतच नाहीत, तुम्ही बघितलंत.

कोर्टाची पायरी:

बागवालीताई, तुमच्यासारखंच एक प्रकरण जर्मनीत होऊन गेलं आहे. पूरक आहार आणि सौंदर्यप्रसाधनं विकणारी एक कंपनी आणि तिचा संस्थापक. त्याचं नाव टाइप केलं की पुढे ‘सायंटॉलॉजी’ (एक वादग्रस्त पंथ) आणि ‘फसवणूक’ या अर्थाचा जर्मन शब्द यायचा. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 14 मे 2013 ला निकाल दिला. सर्च इंजिनाने प्रत्येक सूचना आधीच तपासावी अशी अपेक्षा नाही, पण हक्कभंग होतो आहे हे कळवल्यानंतरही ती तशीच ठेवली तर जबाबदारी येते. त्यातलं मला पटलेलं म्हणजे, सूचना वाचणारा त्या दोन शब्दांत काहीतरी खरा संबंध आहे असं समजतो, हे न्यायालयाने मान्य केलं. तुम्ही गावातल्या विचारण्याचं लिहिलंत ते हेच.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 79 चं संरक्षण मध्यस्थांना, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांना मिळतं: त्या मजकुराची जबाबदारी सहसा त्यांच्यावर येत नाही. सर्च इंजिन मध्यस्थात मोडतं. श्रेया सिंघल प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मध्यस्थाला ‘माहिती होती’ असं म्हणायला न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना लागते. त्यामुळे नुसत्या पत्राने कंपनी हललीच पाहिजे असं नाही. तरी 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. 24 तासांत पोच आणि नियमांत ठरवलेल्या मुदतीत निर्णय अपेक्षित असतो.

शब्द धरून कारवाई होऊच शकत नाही असं मात्र नाही. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. तिथे 2016 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ठरावीक शब्दांच्या सर्चवर अशा जाहिराती आपोआप अडवण्याची तयारी दाखवली. तिथे पाठीशी कायद्याचं स्पष्ट कलम होतं, तुमच्या बाबतीत तसं नाही. म्हणून कागद भक्कम हवेत. खोट्या पानाची तक्रार सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर केली आहे का? नसेल तर आजच करा. पैसे गेलेल्या लोकांनाही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करायला सांगा. फसवणूक तुम्ही केलेली नाही, तुमच्या नावाने झाली, हे दाखवणारा तोच पहिला पुरावा.

गोदाकाठ:

मी मार्केटिंगमधली नाही, आंबे घेणारी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगते. अनोळखी विक्रेता असेल तर मी स्वतःच नावापुढे ‘फ्रॉड’ लिहून बघते. आईचे पैसे एकदा असेच गेले, तेव्हापासून. त्यामुळे ही सोय बंद व्हावी असं मला वाटत नाही. कित्येकांचे पैसे तिनेच वाचवले असतील.

पण मी ते लिहायला जाणं वेगळं आणि न मागता माझ्यासमोर येणं वेगळं. माझी आई फक्त दुकानाचं नाव लिहिते, खाली ते दिसलं की फोन ठेवून देते. तब्येतीबद्दल शोधतानाही तेच. ‘डोकं दुखतंय’ एवढंच लिहायला घेते आणि खाली मोठ्या आजाराचं नाव दिसलं की रात्रभर जागी. तिला काय विचारायचं होतं ते विचारायचं राहूनच जातं.

ताई, तुमचं ते पान झालं की त्यात बागेचा व्हिडिओ आणि तुमचा स्वतःचा आवाज असू द्या. माझ्यासारखीला मजकुरापेक्षा त्याने खात्री पटते. आणि फोन उचला, कितीही घाई असली तरी.

बागवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नकार कळवला, घरच्यांना सर्चगल्ली यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. सर्च कन्सोल बघितलं: खोटं पान चालू असताना मोठा उंचवटा आहे, नंतर उतरलंय, पण शून्यावर आलेलं नाही, जवळजवळ आडवी रेघ. म्हणजे थोडं दोन्ही आहे असं दिसतं. पानाचा मजकूर लिहायला घेतला आहे. गोदाकाठताई, व्हिडिओत सासरेच बोलतील, पेटी भरताना. सायबर पोर्टलवरची तक्रार तेव्हाच केली होती, पोच जपून ठेवली आहे.

कोर्टाची पायरी यांना एक प्रश्न: ब्रँडचं नाव म्हणजे माझ्या सासऱ्यांचंच पूर्ण नाव आहे. तक्रार कुणाच्या नावाने करावी, फर्मच्या की त्यांच्या?

कोर्टाची पायरी:

दोन्ही करा, वेगवेगळ्या. सासऱ्यांची तक्रार व्यक्ती म्हणून, त्यांच्या सहीने, ओळखपत्रासह. धोरणातला व्यक्तीबद्दलचा मुद्दा तिथे लागू पडतो. फर्मची वेगळी, सायबर तक्रारीची पोच आणि पान बंद झाल्याचा पुरावा जोडून. दोन्हींत रोमनमधली ती ओळ जशी दिसते तशी लिहा, तारखेसह स्क्रीनशॉट लावा, आणि ठिकाणही नमूद करा. मसुदा झाला की व्यनि करा, बघून देतो.