मदत हवी आहे: आईच्या डोळ्याच्या पडद्यावरचा पापुद्रा, ऑपरेशनची कोणती पद्धत?

नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६८) उजव्या डोळ्याच्या पडद्यावर पातळ पापुद्रा धरलाय, एपिरेटिनल मेम्ब्रेन. कॅलेंडरच्या चौकटी तिला मधोमध वाकलेल्या दिसतात, सुईत दोरा ओवताना उजवा डोळा मिटून घेते. नजर ६/१८.

दोन डॉक्टर, दोन मतं. एक म्हणतात, व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढायचं ऑपरेशन) करून फक्त पापुद्रा सोलायचा. दुसरे म्हणतात, निळा रंग वापरून त्याखालचा आयएलएम, म्हणजे पडद्याचा सर्वांत आतला थरही काढायचा. मग पापुद्रा पुन्हा धरायची भीती कमी. वाचलं त्यावरून ते खरं वाटतं, पण पुढची नजर दोन्हींत साधारण सारखीच राहते. मग त्या नाजूक थराला हात लावावा का? हेच सारखं मनात घोळतंय.

सुरुवातीचा मोतीबिंदूही आहे. व्हिट्रेक्टॉमीनंतर तो झपाट्याने वाढतो, म्हणून दोन्ही एकदमच करू, यावर दोघांचंही एकमत आहे.

तुमच्या घरी कुणाचं झालं असेल तर कृपया सांगा: आयएलएम काढला होता का? रेघा सरळ दिसायला किती महिने लागले? वाचताना मधली अक्षरं गळतात का? मंगळवारी तारीख ठरवायची आहे, आई रोज विचारते.