डिजिटल कॅमेऱ्यावर फिल्टर हवा की नको?

मूळ मत (पणजीहून)

नवी लेन्स घेताना दुकानदार तिच्याबरोबर यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, हमखास सुचवतो आणि आपल्याकडील बहुतेक हौशी छायाचित्रकार तो एकदा चढवला की पुन्हा काढत नाहीत. माझ्या मते डिजिटल कॅमेऱ्यावर हा फिल्टर कायम ठेवू नये. ते पैसे चांगल्या पोलरायझरसाठी, म्हणजे चकाकी उतरवणाऱ्या फिरत्या फिल्टरसाठी, राखून ठेवावेत.

फिल्मचा निळ्या रंगाचा थर अतिनील किरणही टिपत असे, त्यामुळे दूरच्या डोंगरांवर निळसर धुरकटपणा येई आणि यूव्ही फिल्टर तो खरोखरच कमी करी. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरसमोर मात्र अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच कारखान्यातच बसवलेली असते. ८० ए किंवा ८५ बी यांसारख्या रंगसुधारक फिल्टरांचे काम कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारी सोय) करतो. मग ही जास्तीची काच कशासाठी?

तिच्यामुळे होणारे नुकसान रात्री दिसते. परावर्तनरोधक लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जत्रेच्या रात्री मंगेशीच्या देवळाचा सात मजली दीपस्तंभ उजळलेला असताना छायाचित्र घेतले, तर सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि वरच्या प्रत्येक दिव्याचा फिकट, उलटा ठिपका चौकटीच्या मध्यबिंदूपलीकडे, खालच्या काळोखात उमटतो. फिल्टर काढून तीच चौकट पुन्हा घ्यावी, ठिपके नाहीसे होतात.

पोलरायझरची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात सत्तरी तालुक्याच्या रानात ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चकाकी बसते आणि तिच्याखालचा हिरवा रंग सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. जो रंग टिपलाच गेला नाही, तो संगणकावर नंतर कसा आणणार? पोलरायझरची कडी हळूहळू फिरवत गेले की ती चकाकी पानापानावरून उतरताना डोळ्यांना दिसते. हे काम आजही फक्त फिल्टरच करू शकतो.

प्रतिसाद (हणजूणहून)

आपला पोलरायझरचा मुद्दा मान्य आहे, पण यूव्ही फिल्टरबाबतचा सल्ला समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना द्यावा. जूनमध्ये वागातोरच्या खडकांवर उभे राहिले की थोड्याच वेळात काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. तो वाळल्यावर कोरड्या कापडाने पुसला, तर मिठाचे कण लेपावर घासले जातात. फिल्टर काढून नळाखाली धरता येतो. लेन्स धरता येत नाही. शिवाय काही लेन्सना धूळ आणि पाणी यांपासून पूर्ण संरक्षण मिळण्यासाठी पुढे फिल्टर लावावा, असे उत्पादकच सांगतात. कॅननची ईएफ १७-४० मिमी एफ ४ एल ही त्यांपैकी एक.

रात्रीचे ठिपके हा स्वस्त काचेचा दोष अधिक आहे. असे अनेक लेप दिलेल्या चांगल्या (बहुलेपित) काचेवरून होणारे परावर्तन प्रत्येक पृष्ठामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. चाळीस-पन्नास हजारांच्या लेन्सपुढे दोनशे रुपयांची काच लावायची आणि दोष मात्र फिल्टर या प्रकाराला द्यायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

प्रतिसाद (डिचोलीहून)

संरक्षणाचा मुद्दा मला अर्धाच पटतो. लेन्स हातातून पडली की धक्का बसतो तो कडेला, आणि तो झेलायला हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायचे नळीसारखे कडे) अधिक उपयोगी पडतो. फिल्टर फुटला तर त्याच्याच काचांनी पुढच्या भिंगावर ओरखडे येऊ शकतात. पुढच्या भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा छायाचित्रात सहसा दिसतही नाही. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही : खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची कडी आट्यांमध्ये अशी धरून बसते की फिल्टर निघता निघत नाही. पितळी कडी असलेला फिल्टर घ्यावा, नाहीतर तो दर थोड्या दिवसांनी काढून आटे पुसावेत.

पोलरायझरबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश त्याने सर्वांत गडद होते; म्हणून रुंद कोनाच्या लेन्सवर आकाशाचा एक पट्टा काळपट आणि बाकीचे फिके दिसते. पाण्यावरची चकाकी सर्वाधिक उतरते ती कॅमेरा पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहत असताना. पण मांडवीच्या काठच्या माडांचे प्रतिबिंबच हवे असेल, तर कडी पूर्ण फिरवू नये, नाहीतर प्रतिबिंबही जाते.

प्रतिसाद (मडगावहून)

येथे सर्व जण स्थिर छायाचित्रांविषयीच बोलत आहेत. मी लग्नांचे आणि फेस्तांचे (चर्चच्या सणांचे) व्हिडिओ करतो, आणि माझ्या कामात एनडी फिल्टरला, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेला, पर्याय नाही. सेकंदाला २५ चौकटी असतील, तर हालचाल नैसर्गिक दिसण्यासाठी शटर १/५० सेकंदावर ठेवावे लागते. दुपारच्या उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर त्यासाठी लेन्सचे छिद्र एफ २२ च्या जवळ, म्हणजे अगदी लहान, न्यावे लागते. वधूमागची गर्दी अस्पष्ट करायला एफ २.८ चे मोठे छिद्र हवे असेल, तर ६ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो; प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एकूण ६४ पट कमी. हे नंतर संगणकावर होत नाही. बदलता एनडी सोयीचा आहे, पण तो दोन पोलरायझर एकमेकांवर फिरवून बनवलेला असल्याने शेवटच्या टोकाला चित्रावर काळी फुली उमटते.

मूळ लेखकाचे उत्तर

व्हिडिओसाठी एनडी अपरिहार्य आहे, यात वाद नाही. दूधसागर धबधब्याच्या स्थिर छायाचित्रात मात्र २ सेकंदांच्या १६ चौकटी घेऊन त्यांची सरासरी काढली, तर ३२ सेकंदांच्या एका चौकटीसारखाच फेसाचा मऊपणा मिळतो आणि गडद एनडीमधून अवरक्त प्रकाश झिरपून येणारी तांबूस झाकही टळते. हणजूणच्या मित्रांचे खाऱ्या तुषारांविषयीचे म्हणणे किनाऱ्यापुरते मला मान्य आहे. माझा आक्षेप ‘कायम’ या सवयीला आहे : किनाऱ्यावर फिल्टर चढवावा, देवळात दिवे लागले की काढावा.

प्रतिसाद (हणजूणहून)

किनाऱ्यावर चढवणे आणि दिव्यांपुढे काढणे, एवढे मी आनंदाने करीन. मात्र पुळणीवर वारा सुटलेला असताना फिल्टर बदलायला मी कोणालाही सांगणार नाही. आट्यांत वाळू गेली की डिचोलीच्या मित्रांनी सांगितलेला त्रास दुप्पट होतो. फिल्टर घरूनच लावून निघावे.