फिक्सीचा क्रँक वाजतोय, कोणता क्रँकसेट घेऊ? (मदत हवी आहे)

सुसाट_पुणेकर: फिक्सीचा (चाक फिरलं की पायडलही फिरतंच, अशी एकगिअरी सायकल) डावा क्रँक (पायडलचा दांडा) कटकट वाजतो. बोल्ट आवळला की दोन दिवस गप्प, मग पुन्हा तेच. वैतागलोय, सरळ नवा क्रँकसेट (दोन्ही दांडे आणि पुढचं दातेरी चाक, म्हणजे चेनरिंग) घेतो. पाच हजारांच्या आत कोणता? रविवारी राइड आहे, पटापट सांगा. "गूगल कर" म्हणणाऱ्यांनी येऊ नये.

चक्रधर: बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल आणि बेअरिंग) कोणती? चौकोनी एक्सल की पोकळ? लांबी? मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) किती मिमी रुंद?

सुसाट_पुणेकर: साधीच बीबी. सायकल घेतली तेव्हाचीच. काळी फ्रेम.

चक्रधर: रंग नव्हता विचारला.

निवांत_काका: पुढे ब्रेक आहे का? नसेल तर पाच हजार आधी तिकडे घाल.

सुसाट_पुणेकर: काका, विषय क्रँकचा आहे.

ट्रॅकवेडा: सुगिनो ७५ घे, विषय संपला. जपानात केइरिनवाले (तिथले ट्रॅक रेसर) वापरतात.

चक्रधर: आणि बसवणार कशावर? त्याला आयएसओ टेपर (एक्सलच्या निमुळत्या चौकोनी टोकाचं एक माप) लागतो. याची बीबी बहुतेक जेआयएस, म्हणजे दुसऱ्या मापाची. तिच्यावर तो क्रँक चार-साडेचार मिमी बाहेर राहील, चेन तिरकी पळेल. बजेट वाचलंस का?

पानाबहाद्दर: अरे, आधी क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लावून डावा आर्म, म्हणजे दांडा, काढ आणि भोकात टॉर्च मारून बघ. फिक्सीत आपण उलटा जोर देऊनही थांबवतो, त्यामुळे बोल्ट जरा ढिला असला की आर्म दोन्हीकडे हलतो आणि एक्सलचं पोलाद ॲल्युमिनियम खात जातं. चौकोनाचे कोपरे गोल झाले असतील तर कितीही आवळ, परत ढिला होणारच. तसं असेल तर फक्त डावा आर्म बदल. बोल्ट ३५-४० न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच. टेपर कोरडा ठेव, ग्रीस नको.

ट्रॅकवेडा: ग्रीस नको?? कोरडा बसवला तर कुरकुरणारच. पातळ थर हवाच.

पानाबहाद्दर: बोल्टच्या आट्यांना लाव हवं तेवढं. टेपरला लावलंस की क्रँक गरजेपेक्षा आत चढतो आणि फाटू शकतो.

ट्रॅकवेडा: किती फाटलेले क्रँक पाहिलेत तुम्ही? मी एकही नाही.

सदाशिवपेठी: आमच्या काळी क्रँक अडकवायला कॉटर पिन (पाचरीसारखी खीळ) असायची. ढिली झाली की हातोडी. टॉर्क पाना वगैरे लाड नव्हते.

गिअर_गणित: रेशो (पुढचे/मागचे दात) काय आहे? ४८/१६ असेल तर स्किड करताना (पायडल अडवून मागचं चाक घसरवताना) टायर एकाच जागी घासणार. ४७/१७ केलंस तर सतरा जागा मिळतात.

सुसाट_पुणेकर: स्किडचं कोणी विचारलंय? असो, आर्म काढला. एका कोपऱ्यात नख जाईल एवढी फट आहे. मागे १७० (मिमी लांबी) कोरलंय.

पानाबहाद्दर: गेला तो आर्म. जेआयएस १७०चा डावा घे, काम झालं.

चक्रधर: मी असतो तर दोन्ही बदलून १६५ घेतले असते. फिक्सीत वळणावर पायडल थांबवता येत नाही, १७० लवकर रस्त्याला टेकतो. पण ऑर्डर द्यायच्या आधी चेनलाइन मोज: सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंत. १२० मिमीच्या ट्रॅक हबला ४२ मिमीच्या आसपास यायला हवी.

सुसाट_पुणेकर: व्हर्निअर नाही. शाळेची पट्टी चालेल?

चक्रधर: चालेल. ट्यूबची अर्धी जाडी धरायला विसरू नकोस.